सार प्यालेली वांगी

चिरंजीव व्यासराज यास अनेक आशीर्वाद. मी कोण ते आधी सांगते, कारण तुझा भरवसा नाही: चेन्नईतली तुझी थोरली बहीण, त्रिपुरसुंदरी अक्का. तू स्वतः तंजावरात आहेस, तेही ध्यानात असू दे. गुडघे कसे आहेत? माझे माझ्याशी बोलत नाहीत.

यंदाची चिंच तू तीनदा पाठवलीस. दर खेपेला तेच, "अक्का, पहिलीच तोड आहे." टाकवेना, म्हणून रोज सार केलं आणि उरलेलं, चोथ्यासकट, गच्चीवरच्या वांग्यांना घातलं. (आईच्या परसातल्या वांग्याचं बी, तूच दिलेलं. त्याला वांगं धरलं तरच चेन्नईला येईन म्हणाला होतास. एवढं तरी विसरू नकोस.) पानं पिवळी पडली. मला वाटलं अशक्तपणा, म्हणून आणखी सार पाजलं. आपल्या घरात आजाऱ्याला दुसरं काय देतात?

शेवटी माझी नात हरिणी (हे पत्र मी सांगते आणि तीच लिहिते) शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून येताना रंग बदलणारी कागदी पट्टी घेऊन आली. मातीच्या पाण्यात बुडवली, तर लालबुंद! म्हणाली, "आज्जी, माती इतकी आंबट झालीय की फोडणीच द्यायची राहिली." (लिही गं, लाजतेस काय?) उपाय चुना. तो तर माझ्या पानाच्या डब्यातच! एका झाडाला अख्खी डबी दिली. ते बिचारं करपलं. बाकीच्यांना आता हरिणीच्या हुकमानं चिमूटभर, पाण्यात कालवून, आणि मग नुसतं थांबायचं. (मला!)

पहाटे समुद्रावरून वारा येतो तेव्हा कुंड्यांमध्ये जाऊन बसते. ओल्या मातीच्या वासानं डोळा लागतो. आई येते, पदर खोचलेला, मातीची चिमूट जिभेवर ठेवते आणि तुझ्याकडे बघते. तू अर्ध्या चड्डीत, मुठीत चिंच. जागी होते तेव्हा पानं हिरवी दिसतात. स्वप्नातली की कुंडीतली, कळत नाही.

तर वांगं धरलं आहे. लगेच निघ.

तुझी अक्का

ता. क. हरिणी म्हणते, खोटं लिहिणार नाही. बरं, धरलेलं नाही. एक जांभळं फूल आहे, मान खाली घालून बसलेलं. तू येईपर्यंत होईल. नाहीच झालं तर बाजारातलं भरून वाढीन आणि आईचंच म्हणून सांगीन. तुला कुठं आठवणार? पण माझं नाव आठवतंय तोवर ये.

आणखी एक. हे तुझ्या सूनबाईला, सईबाईला वाचून दाखव. नाही, तिलाच वाचू दे. सईबाई, मामंजींच्या पिशवीत तांदळाचे सांडगे डबाभर घाल, आणि दारातून निघताना पिशवी उघडून चिंच काढून घे.