शकूच्या राजाची उडी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
डाव अर्धाच राहिला! वाचनालयाच्या बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी, आणि ऐन रंगात शकू घड्याळ बघून उठली. कशेळ्याची शेवटची जीप सातची! ती चुकली की कर्जतलाच मुक्काम. शकू ब्लाऊज शिवते, अंतिम फेरीत पहिल्यांदाच आली. समोर बद्रुद्दीनभाई, सायकलवाले. फिरता चषक सात वर्षं त्यांच्याच दुकानात, ट्यूबांच्या पसाऱ्यात. ‘फिरता’ आपलं म्हणायचं!

पंच मी. अर्धवट डावाचा निकाल पंचाने पट बघून द्यायचा असा नियम आहे. चाल शकूची होती. मोहरे कागदावर उतरवून घेतले आणि ऐटीत सांगितलं, शुक्रवारच्या आत देते.

सोमवार, १०
पुतणीने — ऋजुताने — फोनवर बुद्धिबळाचं अ‍ॅप घालून दिलं. पट भरला. शकूला चार चालींत मात! मी दोन तास डोळे ताणून बसले होते, मला काही दिसलं नव्हतं. पण छत्तीस वर्षं गणित शिकवलंय. आधी याचीच परीक्षा घ्यायची.

मंगळवार, ११
घेतली. वर्तमानपत्रांच्या कात्रणांतली वीस कोडी. वीसच्या वीस बरोबर, तेही मी चष्मा पुसेपर्यंत! एकविसावं मुद्दाम फसवं दिलं — प्याद्यांनी पट पार बंद, कुणालाच कुठे शिरता येत नाही. सरळ बरोबरीचा डाव. तर म्हणतं, पांढरा भक्कम पुढे! अर्धा तास चालू ठेवलं तरी हेका सोडेना. मला फार बरं वाटलं.

पण तो नुसता अंदाज होता. मात तसं नाही, ती मोजून सांगतं. चारही चाली पटावर स्वतः खेळून पाहिल्या. शकूला सुटका नाही.

बुधवार, १२
दळण आणलं. अजून विचार करतेय.

गुरुवार, १३
फलकावर खडूने लिहिलं : विजयी — बद्रुद्दीन. भाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे वाटले, मलाही दोन. मग शकूला फोन केला. म्हणाली, "बरं बाई. पन माज्या राजाची उडी कुटं गेली?"

फोन ठेवला आणि लख्ख आठवलं. आमची स्पर्धा देशी नियमांची! राजाला तोवर शह बसला नसेल, तर डावात एकदा त्याला घोड्यासारखी उडी मारता येते. नियम फलकाच्या शेजारीच टांगलाय. अ‍ॅपला तो माहीत नाही, सांगायची सोयही नाही. ते बिचारं त्याच्या खेळाचं उत्तर देत होतं. पण मी? मी स्वतः खेळून पाहिलं तेव्हाही विसरले! लाज वाटली. फार लाज वाटली. तिच्या हातचा चषक मी खडूने पुसायला निघाले होते.

शुक्रवार, १४
फोन कपाटात. लाकडी पट काढून सकाळपासून बसले, भात करपला. उडी मारली की शकूचा राजा प्याद्यांच्या पलीकडे, मोकळा — आणि भाईंचा हत्ती फुकट मरतो. शकूच जिंकते! तीनदा तपासलं.

संध्याकाळी सायकलच्या दुकानात जाऊन सगळं कबूल केलं. निकाल बदलते म्हणाले. भाई पंक्चर काढत होते, मान वर केली नाही.

"अ‍ॅपचा निकाल नको आणि तुमचापण नको, बाई. बसू द्या आम्हाला पटावर."

पेढे परत मागणार नाही म्हणाले.

शनिवार, १५
फलक पुसला. शकू उद्या पहिल्या जीपने येते. ती कशी जिंकते ते मला तोंडपाठ आहे, आणि पंचाने बोलायचं नसतं. जीभ नुसती वळवळतेय!

रविवार, १६
शकूने उडी मारली. भाईंनी हत्ती मरू दिला, चहाचा घोट घेतला, आणि मग त्यांच्या राजाने उडी मारली. त्यांचीही शिल्लक होती — माझ्या डोक्यातच आलं नाही! एकोणिसाव्या चालीला शकूवर मात. मी माफी मागायला गेले, तर ती हसत होती.

"आता हारले बाई मी. गुरवारी नव्हते हारले."