पंचनाम्यावरची सही

वाडी, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

माया,

सप्रेम जय भीम.

आधी ‘प्रिय’ लिहिणार होते. पण तेवढा एक शब्द वाचूनच तू कागद फाडशील, म्हणून नुसतंच माया. कन्हानला नदीकाठी थंडी जास्त पडली असेल. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे तसंच चाललं आहे. हे अजून त्याच ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहेत. खोलीत धूळही तितकीच येते, दिवसातून दोनदा पुसते तरी बोट फिरवलं की रेघ उठते.

आता एक ओळ लिहिते, ती आधी वाच. सम्यका ठीक आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, आज सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या. ती कुठे आहे तेही सांगते, पण मला क्रमाने सांगू दे. नाहीतर मी मधलं काहीतरी गाळीन, मला माझी सवय माहीत आहे.

तुमचा घटस्फोट झाला त्या दिवशी मी कोर्टात होते. मुलगी आईकडे राहील, उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस वडिलांकडे, हे डिक्रीत लिहिलेलं मीही ऐकलं. नागसेनने सही केली आणि बाहेर येऊन आम्हाला चहा पाजला. मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी नेलेली मुलगी त्याने जूनमध्ये परत दिली नाही. माझा सख्खा भाऊ आहे, तरी सांगते, त्याला मुलगी नको होती, तुला हरवायचं होतं. हिंगण्याला बारा-बारा तासांच्या शिफ्टा करणारा माणूस, तो कशाला पोरीची वेणी घालतो? तू डिक्रीच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावलीस हे कळलं तेव्हा आम्ही हसलो. कागद काय घरात शिरून पोरगी उचलणार आहे का, असं बोलणारी मीच होते.

ऑगस्टमध्ये वॉरंट निघालं. त्याला कुठून तरी कळलं आणि त्याचा फोन आला, “ताई, दोन दिवस सम्मूले घेऊन जाय. बेलिफ येऊन राहिला.” मी गेले आणि तिला वाडीला घेऊन आले. दोनच दिवस तर होते.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला मी पुन्हा त्याच्याकडे गेले. पिशवी भरून जिन्यात आले तर बेलिफ वर येत होता. म्हातारा, घामाघूम, सभ्य माणूस. त्याने दोन्ही खोल्या पाहिल्या, संडास पाहिला, गच्चीवर जाऊन टाकीच्या मागे पाहिलं. मग त्याला पंच हवे होते. खालच्या दुकानदाराने कशीबशी एक सही दिली, बाकी सगळ्यांनी दारं लावून घेतली. बेलिफ माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, तुम्ही इथल्याच का? एक सही द्या, लई उपकार होतील.” मी म्हटलं, मी वाडीची. ते तर त्याला आणखीच बरं वाटलं. त्याने लिहिलं, सौ. भावना गोविंदा मेश्राम, राहणार वाडी. वॉरंटवर नाव नागसेन रामटेके. माझं माहेरचं आडनाव त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नागसेन भिंतीला टेकून उभा होता, तोही गप्प.

‘सदर मुलगी घरात मिळून आली नाही.’ त्याच्याखाली माझी सही आहे, माया. चांगली गोल, वळणदार. तिच्या फ्रॉकांची पिशवी तेव्हा माझ्या डाव्या हातात होती.

गॅलरीतून तू मला दिसलीस. भांडण नको म्हणून तुला कोपऱ्यावर थांबवलं असणार. रिक्षात बसली होतीस, मांडीवर स्टीलचा डबा. त्यात काय होतं मला माहीत नाही. आलूभात असेल, तिला आवडतो तो. तू दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं होतंस आणि जिन्याकडे बघत होतीस. मी मागच्या गल्लीने निघून गेले.

इथपर्यंत मी स्वतःला सांगत होते की भावासाठी केलं. इथून पुढे भाऊ नाही.

लग्नाला चौदा वर्षं झाली आहेत आमच्या. डॉक्टर, औषधं, सगळं तुला ठाऊक आहे, दवाखान्यात माझ्यासोबत तूच येत होतीस. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. शेजारी सांगितलं, जावेची मुलगी आहे. शाळा नाही म्हणून मीच तिला पाढे शिकवले, तेरापर्यंत येतात. ती विचारायची, आई कधी येईल? मी सांगायची, दसऱ्याला. दसरा झाला आणि तिने विचारणं सोडलं. मला बरं वाटलं, माया. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

दर पौर्णिमेला आम्ही घरीच वंदना घेतो. सम्यका हात जोडून पंचशील म्हणते, खणखणीत. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझं तोंड मिटतं. दोन महिने तिने बघितलं आणि गेल्या पौर्णिमेला चौथं आलं तेव्हा तीही गप्प राहिली. तिला वाटलं, ते म्हणायचं नसतं.

आता जे सांगणार आहे ते नागसेनलाही माहीत नाही.

दसऱ्यानंतर तो आला होता. कोर्टाने त्याला बजावलं होतं, मुलगी हजर कर नाहीतर दिवाणी कैदेत जा. तो टरकला होता. म्हणाला, तू गुपचूप कन्हानला नेऊन सोड, लपवली होती असं माझ्या तोंडून निघायला नको. मी हो म्हटलं. चार दिवसांनी त्याने फोनवर विचारलं आणि मी सांगितलं, सोडली, मायाच्या हातात दिली. तेव्हा सम्यका माझ्यासमोर फरशीवर बसून चित्र रंगवत होती.

म्हणून गेल्या शुक्रवारी त्याने कोर्टात सांगितलं की मुलगी आईकडे पोचती केली. तो तेवढ्यापुरता खोटं बोलत नव्हता. संध्याकाळी त्याचा फोन आला, “ताई, माया म्हणते पोरगी भेटलीच नाही. खोटं बोलून राहिली ते.” त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मग हेही सांगितलं की तू कठड्याला धरून उभी होतीस आणि विचारलंस, माझी लेक जिवंत तरी आहे का, तेवढं सांगा. तो हे तुझं नाटक म्हणून सांगत होता. मी ऐकलं आणि गॅसवरचं दूध उतू जात होतं ते बंद केलं. तरीही मी तुला कळवलं नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी सिलिंडरवाला आला. दार वाजलं की लपायचं, हा खेळ मीच लावला होता. तिला भीती वाटू नये म्हणून खेळ. मिळून आली नाही की जिंकली, मग एक बिस्किट. पंचनाम्यातलाच शब्द, मी चेष्टेत घरात आणला होता. सिलिंडरवाला गेला, मी हाक मारली, ती येईना. बिस्किटाचा पुडा दाखवला, तरी नाही. हे जेवायला आले तेव्हाही ती पलंगाखालीच होती, भिंतीला चिकटून, हाताने तोंड दाबून. ह्यांनी वाकून तिचा हात धरला तर ती एवढंच म्हणाली, “आत्या, मी मिळून आली नाही ना?”

चड्डी ओली झाली होती. सात वर्षांची आहे ती. तुझ्याकडे होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

तीन महिने हे काही बोलले नव्हते. त्या दिवशी ताटावर बसले, पण जेवले नाहीत. म्हणाले, “दुसऱ्याची लेक आहे वं ते. आपली असती तं आपण तिले असं ठेवलं असतं का?”

काल मी तिला घेऊन निघाले होते. अमरावती रोडवर बस आली, थांबली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मग मी तिला घेऊन परत आले. म्हणून मी आणून सोडते असं तुला लिहीत नाही. माझा भरवसा धरू नकोस. हे दारात हेल्मेट घेऊन बसले आहेत, पत्र तुझ्याच हातात देतील. तू त्यांच्याच गाडीवर बसून ये. तुला त्यांच्याबरोबर यायचं नसेल तर पोलीस घेऊन ये, पत्ता कागदाच्या पाठीमागे पूर्ण लिहिला आहे. मी दाराला कडी लावणार नाही.

फक्त दार वाजवू नकोस. कोणालाच वाजवू देऊ नकोस. बाहेर उभी राहून तिला हाक मार. ती लगेच आली नाही तर आत येऊन पलंगाखाली बघ, डाव्या कोपऱ्यात. तरी आली नाही तर रागावू नकोस, थोडा वेळ फरशीवर बसून राहा. तिला हे मी शिकवलं आहे.

मग हे पत्र तुझ्या वकिलाला दे. एकवीस तारखेला कोर्टात दाखव. सही पंचनाम्यावरच्या सहीशी जुळवून बघा म्हणावं. त्या दिवशी जे लिहायचं राहिलं ते खाली पूर्ण लिहिते.

सौ. भावना गोविंदा मेश्राम, राहणार वाडी,
माहेरची रामटेके, नागसेनची सख्खी बहीण.
सदर मुलगी माझ्या घरात आहे.