शेवटची माशी आत येईपर्यंत

१९ जानेवारी, रविवार

चौदा डंख. डावा डोळा पूर्ण बंद. एका डोळ्याने लिहितोय.

मामा हसला नाही. नखाने खरवडून एकेक काटा काढला आणि म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? लाथ मारून कुणाच्या घरात घुसावं तसं झाकण उघडलंस तू."

मला आईने इथे धाडलंय. दिंडोरीच्या पुढे, वाल्मीक मामाच्या मळ्यात. 'माणूस व्हायला' — हा तिचा शब्द. कॉलेज सुटलं म्हणून लोकांना सांगते. सुटलं नाही, मी सोडलं! दुसऱ्या वर्षाच्या मधेच.

मामाकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत. कांद्याचं बी धरणाऱ्यांच्या शेतात तो त्या नेऊन ठेवतो. डोंगळ्याच्या, म्हणजे बियाण्याच्या कांद्याच्या, पांढऱ्या गोंड्यांवर माशी फिरली तर बी भरतं, नाहीतर सगळं पोकळ. आत्तापर्यंत मला एवढंच कळलंय. आणि माशांना मी आवडत नाही, हेही.

हर्षालीशी बोलून आज एकेचाळीस दिवस.

२१ जानेवारी, मंगळवार

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून टाकतो.

आयुषने हर्षालीचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली घाणेरडं काहीतरी लिहिलं. मी त्याला कॅन्टीनमध्ये धुतला. दोन दात गेले त्याचे. पश्चात्ताप? नाही. शोधतोय, सापडत नाही.

पण हर्षाली माझ्यावरच उखडली. "मी सांगितलं होतं तुला? सांगितलं होतं का?" सगळ्यांसमोर! माझं डोकं फिरलं. तिच्या हातातला फोन ओढून घेतला आणि फरशीवर आपटला.

फोन आपटला. तिला नाही. तिच्या अंगाला मी कधी बोट लावलेलं नाही — हे मात्र कुणी धरतच नाही.

तुकडे गोळा करता करता खाली बघूनच म्हणाली, "आधी जरा हळू हो, समर्थ. मग बोलू." मग सगळीकडून ब्लॉक.

हळू हो म्हणजे काय? मी काय ट्रॅक्टर आहे?

पण 'मग बोलू' म्हणाली ना. मग बोलू!

२३ जानेवारी, गुरुवार

मामाच्या घरी सकाळी फोन बाजरीच्या डब्यात जातो. जेवेपर्यंत बाहेर येत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा डबा उघडला. मामी म्हणाली, "घुशी परवडल्या."

चहा प्यायला मामाला अर्धा तास लागतो. ओट्यावर बसतो, बशी हातात, समोर बघतो. समोर काय? काही नाही. बांध, दोन बगळे. मी एका घोटात संपवून उठलो तर म्हणे, "बस खाली. चहा प्यायलास का औषध?"

पेटीतली पोळ्याची फ्रेम उचलायची तर मनात वीस मोजायचे. हात पाण्यातून फिरवतो तसा. मी वीस मोजले. मामा म्हणाला, "आठच झाले." पुन्हा मोजले. "अकरा."

एवढ्या वेळात माणूस नाशिकला जाऊन येईल!

२६ जानेवारी, रविवार

एकही डंख नाही!!

अख्खी फ्रेम उघड्या हाताने उचलली. दोन-अडीच हजार माशा. मनगटावरून चालत होत्या, पाय मोजता येतील इतक्या जवळून. एक थांबली, मिशा साफ केल्या, गेली. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. त्या वेळेपुरती — खरं लिहितो — हर्षालीही आठवली नाही.

लगेच आठवली म्हणा. हे तिने बघायला पाहिजे होतं. मी हळू होतोय, कुणीतरी तिला कळवा रे!

२९ जानेवारी, बुधवार

बांधापर्यंत चालत गेलो, चालत आलो. मोबाइल न्यायचा विसरलो. विसरलो — मी!

१ फेब्रुवारी, शनिवार

पिंकी आली नाशिकहून. मामाची मुलगी, हर्षालीच्याच वर्गात. आल्यापासून माझी नजर चुकवत होती. शेवटी गोठ्याशी गाठली.

"तुला सांगायचं नाही असं ठरलंय, दादा."

"मग सांग."

हर्षालीला बघायला पिंपळगावचे लोक येतायत. उद्या, पाच वाजता. मुलगा बँकेत आहे.

"तू काही करणार नाहीस ना?"

"नाही. मी बदललोय."

"आरशात तोंड बघ," म्हणाली.

बघितलं. ठीकच होतं. फक्त जबडा दुखतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळ.

वीस मोजले. परत वीस. परत. काही उपयोग नाही. पाच वाजता ती ट्रे घेऊन बाहेर येईल. तो बँकवाला तिच्याकडे बघेल.

मामा पहाटेच सुरगाण्याकडे गेला, कुणाच्या तरी लग्नाला. आणि आत्ता सावळीराम बाबा आले, ज्यांच्या डोंगळ्यात आपल्या चार पेट्या आहेत ते. "पोरा, फुलकिडं लय झालंय. उद्या सकाळी औषध मारतो. तुझ्या पेट्या तेवढ्या हलव."

मामाला फोन लावला. तो म्हणाला, "पिकअप घे. वणीच्या पलीकडच्या मोहरीत नेऊन ठेव. पण दिवस मावळू दे. शेवटची माशी आत आली की मगच दार लावायचं. समर्थ, ऐकतोयस ना? शेवटची."

दिवस मावळणार साडेसहाला. पिंपळगाववाले येणार पाचला.

त्याच दिवशी, उशिरा.

तीन वाजता दारं लावली. ऊन होतं, शेत नुसतं घोंघावत होतं. मला दिसत होतं की माशा बाहेर आहेत. म्हटलं, येतील मागून, शोधतील. पेट्या मोहरीत टाकल्या, तशीच पिकअप नाशिककडे दामटली.

नाशकात द्वारका चौकात अडकलो. पन्नास मिनिटं! पुढे बस, मागे ट्रक. हॉर्नवर अख्खा हात ठेवून बसलो होतो. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "भाऊ, उडून जाणारे का?"

उपनगरला हर्षालीच्या घराशी पोहोचलो तेव्हा पाहुणे गाडीत बसत होते. तो बँकवाला साधाच होता, चष्मा लावलेला. मी तिच्या बिल्डिंगचं लोखंडी गेट दोन्ही हातांनी धरलं. उखडून टाकावं असं वाटत होतं. मोजायला लागलो. सातवर अडकलो. मग पुन्हा एकपासून. कधीतरी गेट सोडलं.

वर बघितलं तर हर्षाली गॅलरीत. कधीपासून उभी होती कोण जाणे. ओरडली नाही, खूण केली नाही. आत गेली. कडी लावल्याचा आवाज खालपर्यंत आला.

मी काहीच केलं नाही! नुसतं गेट धरलं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सात वाजता सावळीराम बाबांचा फोन. "येऊन बघ जरा, काय करून ठेवलंस ते."

पेट्या होत्या त्या जागी जमिनीवर माशांचे चार ढीग. मुठीएवढे, गारठलेले, एकमेकींना चिकटून. काही उडत होत्या. नेमक्या दाराच्या उंचीला येत होत्या. जिथे काल दार होतं तिथे हवेत थांबत होत्या. आत जायचा प्रयत्न करत होत्या. हवेत!

मी वाकून एक ढीग जवळून बघितला.

बाबांनी पंप पाठीला बांधलेला. मी म्हटलं, आज नका मारू. ते भडकले. "तुझी माशी जगवू का माझं बी? आईनं सांडला इथं आणून, मामानं सांभाळला. आम्ही का भोगायचं रे?"

कानशिलं तापली. मूठ वळली. वळलेली दिसली मला. माझीच मूठ, पण लांबून दिसावी तशी. बोटं एकेक करून उघडली आणि म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. संध्याकाळपर्यंत थांबा. गोळा करतो."

बाबांनी पंप उतरवला. "संध्याकाळपोत्तर. मग नाय थांबायचो."

मामाला फोन केला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "किती वाजता लावलंस?" मी सांगितलं, तीन. मग म्हणाला, "मोहरीतल्या पेटीतून पिल्लांची एक फ्रेम आण. रिकाम्या पेटीत घाल. पिल्लांच्या वासाने येतील. तू हलू नको."

नाही हललो. साडेआठपासून मावळेपर्यंत. पेटीपासून दोन हातांवर, मांडी घालून. आधी एक माशी चढली. दारात थांबली, आत गेली, बाहेर आली, शेपूट वर करून पंख हलवायला लागली. मग तिच्यामागे दुसरी. ढीग सुटायला दुपार लागली. धागा ओढावा तशी जमिनीवरून एक ओळ निघाली. मुंगीच्या वेगाने! ढकलावं, ओंजळीत उचलून टाकावं असं शंभरदा वाटलं. पहिल्यांदा केलंही, दहा-बारा चिरडल्या. मग नाही केलं.

धोंडाबाई, बाबांच्या घरच्या, भाकरी-ठेचा घेऊन आल्या. "खा, का उपास धरलास?" खाल्ली. त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. इतकी सावकाश मी आयुष्यात जेवलो नव्हतो, कारण हात पटकन हलवायची सोयच नव्हती.

बऱ्याच मेल्या. किती ते मोजलं नाही.

साडेसहा. एक राहिली होती. गवताच्या काडीवर, गार पडलेली. बाबा बांधावरून ओरडले, "लाव की आता दार!" मी हात वर करून थांबा म्हटलं. ती चालत आली. तिला साडेचार फूट यायला किती वेळ लागला, देव जाणे. मग लावलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मामा आला. पेट्या उघडून बघितल्या. "दोन कमजोर झाल्यात," एवढंच. मग बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. आम्ही अर्धा तास बगळे बघितले.

९ फेब्रुवारी, रविवार

पिंकी म्हणते, हर्षालीने पिंपळगाववाल्यांना नकार कळवला!

माझ्यासाठी? पिंकी म्हणे, "तिने शिकायचंय म्हणून सांगितलं. उगाच उड्या मारू नकोस." पण पिंकीने तिला माशांचं सगळं सांगितलंय. मी दिवसभर बसलो ते. ती म्हणाली म्हणे, "समर्थ? बसला? दिवसभर?"

मी उड्या मारत नाहीये. बसूनच लिहितोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पिंकीकडून निरोप आला. हर्षाली रविवारी येते म्हणाली. पेट्या बघायला. पिंकीबरोबर. पेट्या बघायला, हे दोनदा म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आली होती!

पिंकीच्या स्कूटीवर, मागे बसून. पांढरा कुर्ता. मी पिंकीकडून सांगून ठेवलं होतं, गडद रंग नको, माशा चिडतात. मामाने जाळी दिली, तर तिने घातली नाही. "दिसत नाही नीट."

मी तासाभरात पाच-सहा वाक्यं बोललो असेन. मामाने एकदा डोळा मारला. मी फ्रेम उचलून तिच्या हातात दिली. दोन्ही हातांत धरून उभी राहिली. माशा बोटांवर, मनगटावर, एक तर बाहीतून आत जाऊन बाहेर आली. ही ढिम्म! हसत होती. "गुदगुल्या होतात रे." मामा म्हणाला, "पोरी, तुला कामाला ठेवतो. ह्याला चौदा काटे बसले होते पहिल्या दिवशी." "चौदाच?" म्हणाली. सगळे हसलो.

राणी दाखवली. आयुषचा विषय तिनेही नाही काढला, मीही नाही.

जाताना तिच्या केसांत एक माशी अडकली, कानाशी. मी काढायला हात वर केला, तर ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन चटकन खाली बसली. पिंकी खो खो हसली. मी म्हटलं, "एवढीशी माशी ती!" मग तीही हसली, जरा उशिराने. माशी आपली आपणच उडाली.

स्कूटीवर बसल्यावर म्हणाली, "ब्लॉक काढलाय. उद्या संध्याकाळी फोन कर."

फोन कर! तिने सांगितलं!

बांधापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. हळू. झोप येणार नाही, नको यायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. परीक्षेचं बोलली, पिंकीचं बोलली. मी म्हटलं, "काल हजार माशा हातावर घेतल्यास आणि एकीला घाबरलीस?"

गप्प झाली. आधी असतो तर त्या जागेत दहा वाक्यं कोंबली असती. थांबलो. खूप थांबलो.

"माशीला नाही," म्हणाली.

तिच्या डोक्याशी वर गेलेला माझा हात आठवला. मग मी म्हटलं, "हर्षाली, परत ब्लॉक कर. मी येणार नाही. गेटपाशीही नाही."

"बरं," म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा मी कधीच ऐकला नव्हता.