पिवळा कयाक विकणे आहे

प्रिय श्रेयस,

कयाक विकलेला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र कोणाचं आहे हे कळल्यावर तू पुढे वाचशील की नाही, याचा भरवसा नाही. मंगळवारी दुपारी तू ज्या नंबरवर फोन केलास आणि ‘नमस्कार, मी श्रेयस, अकोल्याहून बोलतोय, कॉलेजात शिकवायला असतो, तुमची कयाकची जाहिरात पाहिली’ असं एका दमात म्हणालास, तो नंबर माझा. मी दामिनी. हो, तीच, अमरावतीची, छत्री तलावावर पहिल्याच दिवशी तुला पाण्यात पाडणारी. मला तुझा आवाज ‘नमस्कार’पाशीच ओळखू आला. तुला माझा आला नाही. तू काहीतरी भलतंच ऐकलंस, ‘अच्छा, गेला का, उशीरच झाला मला’ म्हणालास आणि फोन ठेवून दिलास. कॉलेजचं नाव तू सांगितलं होतंस, म्हणून हे पत्र त्या पत्त्यावर टाकते आहे.

तर कयाक आहे. आमच्या शेतातल्या कोठ्यात, बैलांच्या दावणीच्या वर, आडव्या लाकडांवर झोपवून ठेवलाय. पुढच्या रविवारी पुंजाजी तो न्यायला येणार. पुंजाजी म्हणजे आमच्या धुऱ्याला लागून शेत असलेला माणूस. त्याने शेततळ्यात मासे सोडलेत आणि त्यांना खाद्य टाकायला त्याला डोंगा हवाय. परवा येऊन त्याने कयाकला दोन थापा मारल्या, बैल बघतात तसा चहूबाजूंनी फिरला आणि मला विचारलं, ‘याले मोटर कोठी लागते?’ मी हसले, तर रागावला. कसंबसं त्याला रविवारपर्यंत थांबवलंय. तुला कयाक हवा असेल तर त्याच्या आधी ये. स्वतः ये बरं का, कोणाला पाठवू नकोस. दुसऱ्याने पाहिलेली अशी वस्तू घेऊ नये, आणि तूही फोटो पाहून भाळणाऱ्यांतला आहेस. तो पिवळा रंग पाहून तुला काय वाटलं असेल ते मला इथे बसून दिसतंय.

हा तोच आहे. कॉलेजच्या बोटिंग क्लबातल्या दोन कयाकांपैकी पिवळा. लाल होता त्याला कोणीतरी दगडावर आपटून फोडलं, आणि क्लब गुंडाळला तेव्हा हा मी घेतला. टेम्पोत घालून घरी आणला तेव्हा सगळं गाव बघायला जमलं होतं. शेजारच्या पार्बताबाईने तर त्याला हळद-कुंकू लावलं. घरी येणाऱ्या नव्या वाहनाला लावतात ना, मग याने काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं.

आता नीट वाच, आणि मी विकणारी आहे म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आल्या आल्या आधी तो उलटा कर. वरची बाजू कोणीही पुसून चकाचक करतं, खरं काय ते पोटावर असतं. चरे दिसतील, भरपूर दिसतील, आमच्या नदीला गोटे काही कमी नाहीत. बारीक चऱ्यांना घाबरायचं नाही. ज्यात नख अडकतं, तिथे थांबायचं. मागच्या टोकाला जास्त बघ, कारण लोक तो उचलत नाहीत, पुढून धरून फरफटत नेतात आणि मागचं टोक झिजून कागदासारखं होतं. आपल्या वेळी कोण फरफटत न्यायचं ते तुला आठवत असेलच. ‘उचल ना जरा’ म्हटलं की तुझी पाठ दुखायची.

दुसरं म्हणजे ऊन. तुमच्या पुण्याकडच्या उन्हाचा हिशेब इथे चालत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर पडलेलं प्लॅस्टिक दोन-चार वर्षांत पापड होतं. हात फिरवल्यावर बोटाला पांढरी पावडर लागली, की समजायचं ऊन खाल्लेलं आहे. अंगठ्याने दाबून बघ. थोडं दबून परत वर आलं पाहिजे. कुरकुरलं तर सरळ नमस्कार करून निघून जा, विकणारी कितीही गोड बोलो. मी हा एक दिवसही उन्हात ठेवलेला नाही. बाबा दरवर्षी कापूस घरात येताना ओरडतात, की माझ्या कापसाला जागा नाही आणि तुझ्या या पिवळ्या जावयाला छप्पर. हे लिहायला नको होतं, पण आता शाई वाया कुठे घालवू.

बैठकीच्या खाली एक सांधा आहे, रंग जरा वेगळा दिसेल. तिथे चीर गेली होती. आमच्याकडे पाण्याच्या टाक्या जोडून देणारा माणूस येतो, त्याच्याकडून तापवून जोडून घेतली. चांगली जोडलीय, पण तू माझं ऐकू नकोस. दोन बाकांवर कयाक ठेव, आत चार बादल्या पाणी ओत आणि खाली बसून राहा. गळत असेल तर पाणी स्वतःच सांगेल. एवढी साधी गोष्ट, पण घेणाऱ्यालाच लाज वाटते, विकणाऱ्यासमोर कसं करायचं म्हणून. तू लाजशील, मला ठाऊक आहे. तू दुकानात चपलेचा दुसरा पायसुद्धा घालून बघायचा नाहीस.

मागच्या झाकणाचं रबर गेलंय, ते बदलावं लागेल. बूच नवीन आहे. पाय टेकवायच्या पट्ट्या मागेपुढे सरकतात का ते बघ, वाळूने अडकतात. डावी माझ्या मापाला अडकून बसलीय. तुझे पाय लांब, मावणार नाहीत, ठोकून सरकवावी लागेल. तेव्हा रोजचं आपलं भांडण त्यावरूनच असायचं ना? तू उतरलास की मी पट्ट्या जवळ ओढायची, मी उतरले की तू लांब सरकवायचास, आणि दोघंही म्हणायचो की समोरच्याने मुद्दाम केलं. एम.एस्सी.च्या एका वर्षापुरता आलेला बदलीवाल्याचा मुलगा तू, आणि मी नदीकाठची, शेतकऱ्याची पोर. मला वल्हं धरायला कोणी शिकवलं नव्हतं आणि तुला कोणी शिकवूनही येत नव्हतं. संध्याकाळी तलावाच्या मधोमध जाऊन तू वल्हं आडवं ठेवायचास आणि काही न बोलता बसायचास. मी काठावर उभी राहून वाट बघायची. मला तेव्हा चीड यायची की माझी पाळी खातोय. आता नांदगाव खंडेश्वरला शाळेत पोरांना खेळ शिकवते, दिवसभर ओरडून ओरडून घसा बसतो, आणि एखाद्या दिवशी मैदानावर ऊन उतरलं की तो मधोमध थांबलेला पिवळा ठिपका आठवतो. फार आठवतो रे. लपवून काय करू?

मग विकायला का काढला, असं विचारशील. आईमुळे. पोळ्याच्या आधी कोठा झाडताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, ‘काहून ठेवली व हे डोंगी? कोणासाठी?’ वच्छलाबाईंना, म्हणजे आमच्या आईला, आडून विचारता येत नाही. मला त्या ‘कोणासाठी’चा राग आला, आणि रागाच्या भरात गोपालला, माझ्या भावाला, म्हटलं टाक जाहिरात. त्याने त्याच संध्याकाळी टाकली. तुझी बदली अकोल्याला झालीय, तू महानच्या धरणावर जायला जुना कयाक शोधतोयस, हे तू फोनवर सांगेपर्यंत मला काय माहीत?

शेवटची तपासणी, आणि ही सोडायची नाही. पाण्यात घालून स्वतः बसून बघ. कोरड्या जमिनीवर सगळेच कयाक चांगले असतात. आत बसलास की कंबर घट्ट वाटतेय का, डोलतो का, सरळ जातो की एकीकडे ओढतो, हे पाण्यातच कळतं. आमच्या शेताखाली नदीला बऱ्यापैकी डोह आहे. मी काठावर उभी राहीन.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. तू फोन ठेवल्यावर मी जाम चिडले. मी सरळ म्हटलं होतं, ‘हो, विकून राहिलो आम्ही,’ आणि हा बाबा म्हणतो, गेला का! गोपाल पोट धरून हसला. म्हणाला, ‘ताई, तो तिकडचा दिसते. त्याले वाटलं, आपण विकून मोकळे झालो. आपलं विकून राहिलो म्हणजे विकतोय, हे त्याले कसं समजन?’ तो हसत हसत जेवायला गेला आणि मी जागची हलले नाही. श्रेयस, तुझ्याशी मी कधी वऱ्हाडी बोललेच नाही. तू ऐकशील, हसशील, म्हणून सगळं वर्ष पुस्तकातलं बोलले; म्हणून परवा तुला माझा आवाजही कळला नाही. पोरांकडून ‘काय करून राहिला बे’ एवढं तू उचललं होतंस, पण माझ्या तोंडून तसलं काही येईल हे तुझ्या ध्यानीमनी नव्हतं. एकदाच सुटलं. तू पुण्याला परत गेल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, स्टँडवरून तुला फोन केला होता. मागे गाड्यांचा गलका, मला रडू फुटत होतं, आणि घाबरला की माणूस आपलीच बोली बोलतो. मी म्हटलं, ‘बाबा माझं लग्न ठरवून राहिले.’ तू ‘अभिनंदन, दामिनी’ म्हणालास आणि फोन ठेवलास. मला वाटलं, सुटलो म्हणून अभिनंदन करतोय. एवढी वर्षं तेच धरून बसले, तुला मनातल्या मनात नको नको ते बोलले. अरे, ठरलं नव्हतं. ठरवत होते. मूर्तिजापूरचे लोक बघायला यायचे होते, इतकंच. मी तुला बातमी देत नव्हते रे, मी तुला बोलावत होते. त्या लोकांना मी नाही म्हटलं, नंतर आलेल्यांनाही, आणि आता कोणी येत नाही. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण फोनवर आपलं काय होतं ते कळलंय, म्हणून एकेक शब्द जपून, तुझ्या मराठीत लिहिलाय. तुझ्या घरी आज कोण आहे मला माहीत नाही. कोणी असेल तर त्यांना घेऊन ये, चहा करीन, कयाक गाडीवर बांधून देईन आणि यातलं अक्षरही बोलणार नाही. कोणी नसेल, तर फोन करू नकोस. ये.

अजूनही तुझीच,
दामिनी