रिबकाचा बाप्तिस्मा

प्रिय लेयाताई,

तुझं पत्र इस्राएलातल्या दिमोनाहून जानेफळला पोचलं तेव्हा मी कपाशीत होते. यंदाही बीटीवर लाल्या आला. बियाण्याच्या पाकिटावरचं चित्र पांढरंशुभ्र, आणि शेत बघावं तर पानं लालभडक, बोंडं सुपारीएवढी. शांतवन नुसते बांधावर बसून असतात. नवऱ्याला धीर द्यायचं काम वीस वर्षं केलं, आता माझ्याकडेच उरला नाही.

इथे मला काय म्हणतात, विचारतेस? 'यहुदी बाई' म्हणतात! मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले, शांतवनशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, तरी नाव तेच. नाताळात पाळकसाहेब मला उभं करून दाखवतात, ही प्रभूच्या गोतातली. गुड फ्रायडेला मात्र यहुद्यांचं नाव निघालं की अख्खी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघते. जणू खिळे मीच पुरवले होते! मागे पेरणीच्या वेळी एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा केला, आई करायची तसाच, पोहे, गूळ, खोबरं घालून. शेजारच्या मनकर्णाबाईंनी ताट बघून विचारलं, "कोन्या देवाचा परसाद व्हय हा?" म्हटलं, बायबलातल्या एलियाचा. "मंग तं आपलाच हाये," म्हणून त्यांनी दोनदा घेतला. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी मूर्तिपूजेवर उपदेश केला.

तू लिहितेस, बाप्तिस्मा फक्त लग्नासाठी घेतला, मनात काही नव्हतं, असं अर्जात सांग. मग तुम्हाला इकडे कायमचं येता येईल. ताई, मनात होतं गं. आजही आहे. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावते तेव्हा मी आपल्या बाबांची लेक असते, आणि त्याच दिव्यासमोर येशूला हाक मारते. तोही शुक्रवारी दिवा लावणाऱ्या आईचाच मुलगा ना? हे इथे बोलले तर हसतात, तिथे बोलले तर दार लावतील. खोटं बोलून मला ते उघडायचं नाही. म्हणून मी येत नाही.

पण माझी रिबका अठराची झाली. नाताळच्या आधी धरणावर तिचा बाप्तिस्मा ठरला होता, पांढरी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती तिने. तुमच्याकडच्या नियमात ती यहुदी आईची लेक म्हणून बसते. एकदा पाण्यात उतरली की बसत नाही. शांतवन शेताकडे बघत एवढंच म्हणाले, "पोरीले तरी इथून काढ." ज्या प्रभूसाठी मी आईबाबांना सोडलं, त्याच्याकडे निघालेल्या पोरीचा हात मीच धरला आणि म्हटलं, थांब. ती खूप रडली. "मम्मी, तू काऊन उतरली होती मंग?" म्हणाली. शेवटी बापाचं तोंड बघून तिने हो म्हटलं.

ती येतेय, ताई. हे सांगायलाच लिहायला बसले. तिचा विश्वास मी काढून घेतलेला नाही, फक्त ते नाव मोठ्याने घेऊ नकोस म्हटलंय. तरी झोपताना पुटपुटेल, सवय आहे तिची. ऐकू आलं तर रागावू नकोस. तिच्याजवळ जरा बसून राहा. माझ्याजवळ तेव्हा कुणी तसं बसलं नव्हतं.

तुझीच,
दिना