नेहाचा कान

रामाकोना, ३ डिसेंबर

ती. ताईस,
दामिनीचा सा. न. वि. वि.

मळ्यात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू अर्धा वेळ माझ्या भाच्यांच्या मार्कांवर घालवतेस, म्हणून पत्र. संत्र्याची तोडणी जोरात आहे. आमच्या बागेची राखण करणाऱ्या पंचफुलाची सहा वर्षांची नेहा आठवते ना, कान वाहणारी? वास येतो म्हणून वर्गात तिच्याजवळ कुणी बसेना, तिनं शाळाच सोडली होती. पंचफुलाचं म्हणणं, इथं साऱ्याच लेकरांचे कान वाहतात, मोठी झाली की थांबतात. मी मात्र मनावर घेतलं. रोज लसणाचं कोमट तेल, आणि वर आपल्याच वेचणीच्या कापसाचा गच्च बोळा. आता कान अगदी कोरडा! पोरगी शाळेत जाऊन राहिली. डोकं दुखतं म्हणते, पण दिवसभर उन्हात हुंदडते, दुसरं काय! मास्तरीणबाई, आता तरी धाकटीला शाबासकी द्या.

माया आहे तशी राहू दे.
तुझी दामिनी

पांढुर्णा, ७ डिसेंबर

चि. सौ. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

शाबासकी राहू दे, आधी तो बोळा काढ. तुझा फोन लागत नाही, म्हणून आमच्या शाळेतल्या देवीदासला ही चिठ्ठी देऊन बसनं पाठवते आहे. पू थांबला नाही गं, आत कोंडला. आमच्या पंकजचा कान वाहायचा तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की तेल नको, बोळा नको, स्वच्छ वातीनं टिपायचं आणि औषध पुरं करायचं. वाहता कान एकाएकी थांबून डोकं दुखलं, ताप आला, तर घरी ठेवायचंच नाही. आजच सौंसरच्या सरकारी दवाखान्यात ने. पंचफुला मजुरी बुडेल म्हणेल, ती तू भरून दे. रागावले नाही, घाबरले आहे.

जिवाला जप.
तुझी ताई, जयश्री

रामाकोना, १४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

देवीदास आला तेव्हा नेहा तापानं फणफणली होती, मान ताठ झाली होती. सौंसरहून लगेच नागपूरला पाठवलं. पू मेंदूपर्यंत गेला होता. परवा ती गेली.

पंचफुलाला मी सगळं खरं सांगितलं. तिला पटत नाही. ती म्हणते, बाईंच्या हातात होती तोवर पोरगी चांगली शाळेत जाऊन राहिली होती, दवाखान्यात नेली आणि मेली. साऱ्या बायकांचं हेच म्हणणं. त्यांच्याही लेकरांचे कान वाहतात. सौंसरला चला म्हणून मी हात जोडले, कुणी तयार नाही. आज सकाळपासून त्या पोरं कडेवर घेऊन माझ्या दारात बसल्या आहेत. नेहासारखा कान कोरडा करून द्या म्हणतात.

तुझी माया मागायला तोंड नाही, तरी असू दे.
दामिनी