मला एकटीला उचलता येईल असं इंजिन

आबा, होडीला इंजिन बसवलं. तुम्ही असता तर आधी इंजिनाकडं बघितलं असतं, मग माझ्याकडं, आणि काही न बोलता तंबाखू मळत बसला असता. म्हणून कसं बसवलं ते सगळं सांगते.

तुम्ही गेल्यावर जाळी मीच सांभाळली, आणि सासरही धरणाच्या काठालाच मिळालं, त्यामुळं पाणी सुटलं नाही. लहानपणी तुमचं मोठं वल्हं मला पेलायचं नाही, मी ते पाण्यावर आपटायचे. एकदा तुम्ही रागावून म्हणालात, "पाण्याला मारू नगं. ते काय तुझा वैरी हाय?" मी रुसून बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही लिंबाच्या लाकडाचं आखूड वल्हं तासून माझ्या हातात ठेवलं. मुठीपाशी काचेनं घासून इतकं गुळगुळीत केलेलं, की मी ते उशाशी घेऊन झोपले होते. त्या वल्ह्यानं मी होडी शिकले.

पण आता माझा उजवा खांदा धरतो. मागच्या उन्हाळ्यात मी जाळी काढून परत निघाले आणि मध्यावर वारा उठला. वल्हवत होते, काठ काही जवळ येत नव्हता. मग हातच वर होईना. भीती वाटली, आबा, खरंच वाटली. वाऱ्याशी झोंबू नये, हे तुमचंच शिकवणं. होडीचं तोंड फिरवलं आणि वारा नेईल तिकडं जाऊ दिलं. लागले ते पार पलीकडच्या काठाला, गाळात टरबुजं लावलेली होती तिथं. तिथल्या बाईनं पाणी दिलं, टरबूज कापून समोर ठेवलं आणि तिच्या फोनवरनं यांना फोन लावून दिला. हे धरणाला वळसा घालून मोटारसायकलवर आले. होडी त्या दिवशी तिथंच बांधून ठेवली. घराजवळ आल्यावर म्हणाले, "एक तर इंजिन बसव, नाय तर होडी वीक. मला असा फोन पुन्हा नको." 

"होडी इकणार नाय," मी म्हणाले.

"मग इंजिन."

शहरातल्या दुकानात गेलो. यांचं मन मोठ्या इंजिनावर. "घ्यायचंच हाय तर दमदार घेऊ. कसला बी वारा असू दे, चिरत जाईल." दुकानदार शहरातला जुना माणूस, त्यानं मला विचारलं, "भाभी, नाव कित्ती लंबी है? पीछे का फळा कित्ता ऊंचा है?" इंजिन ज्याला अडकवतात त्या मागच्या फळ्याच्या उंचीचा दोरा मी घरूनच मापून नेला होता. तो त्यानं इंजिनाच्या दांड्याला लावून बघितला. दांडा आखूड पडला तर पंखा पाण्याबाहेर येतो म्हणे. मोठं आणि लहान, दोन्ही इंजिनं मापात बसत होती. मग मी म्हणाले, मला उचलून बघायचंय. मोठं गुडघ्यापर्यंत आलं आणि खांद्यात कळ गेली.

"मी उचलीन की," हे म्हणाले.

"तुम्ही रोज शेंद्र्याला कंपनीत. सकाळी काठावर कोण उचलणार? आन् रात्री तिथं ठेवलं तर राहील का ते?"

 मी लहान इंजिन उचललं आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुकानदार म्हणाला, "ले के भाग मत जाना भाभी." तेव्हा हेही हसले. पण त्यांच्या मनातलं वाऱ्याचं भय गेलं नव्हतं. शेवटी दुकानदारच म्हणाला, दोन्ही काठावर आणतो, पाण्यात बघून घ्या.

रविवारी तो खरंच आला. मोठं मागं अडकवल्याबरोबर होडीचं बूड खाली गेलं, नाक वर झालं, आणि पाणी पार फळ्याच्या कडेला आलं. "उतरवा, उतरवा," हेच म्हणाले. मग लहान लावलं. वारा सुटेपर्यंत मुद्दाम थांबलो. हे पुढं बसले, मी मागं दांडी धरून. लाटा अंगावर येत होत्या, होडी हळू चालत होती, पण चालत होती, मागं सरत नव्हती. खांद्याला काही म्हणजे काही नाही. मध्येच हे मागं वळून काहीतरी बोलले, आवाजात ऐकू आलं नाही. काठाला लागल्यावर विचारलं, काय म्हणत होता?

"म्हणलं, जाऊ दे की अजून थोडं पुढं."

आता पहाटे इंजिन पाठीवर टाकून मी एकटीच काठावर जाते. वारा उठला तर हे फोन करतात. तोवर मी काठाला आलेली असते, फोन तिथनंच उचलते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. काल जाळं टाकायचं नव्हतं, काढायचंही नव्हतं. तरी मी होडी काढली आणि नुसतीच पाण्यावर फिरून आले. काम नसताना तुम्ही कधी होडीत पाय ठेवला नाहीत. मी ठेवला, पेट्रोल जाळलं, आणि मला लई बरं वाटलं. घरी सांगितलेलं नाही.